चक्कर कानात, खूण डोळ्यांत: डोळ्यांच्या हालचाली टिपणारा चष्मा आणि व्हर्च्युअल रिॲलिटी

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. अंबरनाथच्या आनंदनगर भागातल्या एक काकू माझ्या दवाखान्यात यायच्या. वय साठीच्या आसपास. तक्रार एकच, "डॉक्टर, चक्कर येते." मी रक्तदाब पाहिला, साखर तपासली, हिमोग्लोबिन पाहिले. सगळे ठीक होते. मानेचा एक्स-रे काढला, त्यात मणक्यांची थोडी झीज दिसली. या वयात ती बहुतेकांच्या एक्स-रेमध्ये दिसते. मी म्हणालो, "मानेमुळे आहे." पट्टा दिला, चक्कर थांबवणाऱ्या गोळ्या लिहून दिल्या.

हे दीड वर्ष चालले. तोवर काकूंनी माळ्यावरचे डबे काढणे सोडले, लोकलने एकटीने जाणे सोडले. एके दिवशी सोबत आलेल्या मुलीने सहज विचारले, "डॉक्टर, आईला उजव्या कुशीवर वळल्यावरच का गरगरतं?" हा प्रश्न मी पहिल्याच दिवशी विचारायला हवा होता.

मी काकूंना टेबलावर बसवले, मान उजवीकडे वळवली आणि पटकन मागे झोपवून डोके टेबलाच्या कडेखाली किंचित झुकवले. पाच-सहा सेकंद काहीच झाले नाही. मग त्यांचे डोळे झटके देऊ लागले, वरच्या दिशेने आणि गोल पीळ दिल्यासारखे. काकूंनी माझा हात घट्ट धरला. वीस-पंचवीस सेकंदांत सगळे शांत झाले. आजार मानेत नव्हताच, उजव्या कानाच्या आत होता. त्याची खूण डोळ्यांत दिसत होती आणि दीड वर्षात मी त्या डोळ्यांकडे एकदाही नीट पाहिले नव्हते. त्याच टेबलावर डोके ठराविक क्रमाने वळवण्याचा उपचार केला. पुढच्या आठवड्यात काकू पट्टा न घालता आल्या.

हल्ली डोळ्यांच्या हालचाली टिपण्यासाठी कॅमेरे बसवलेले खास चष्मे आले आहेत. व्हर्च्युअल रिॲलिटीचे हेडसेट आता खेळापुरते राहिलेले नाहीत, तेही तपासणीत आणि उपचारात येऊ लागले आहेत. रुग्ण विचारतात, "ही तपासणी करू का? खर्च वाया तर जाणार नाही ना?" त्याचे उत्तर देण्याआधी कान आणि डोळे यांचे नाते समजून घेऊ.

"चक्कर" हा शब्द एक, त्रास अनेक

आपण चक्कर, भोवळ, घेरी, गरगरणे, झोक जाणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे हे सगळे शब्द एकाच अर्थाने वापरतो. डॉक्टरांना मात्र प्रत्येक शब्द वेगळ्या दिशेने नेतो.

- गरगरणे: खोली किंवा स्वतः फिरत असल्यासारखे वाटणे. बहुतेक वेळा कानाच्या आतला तोलाचा भाग, कधी मेंदू.
- अंधारी येणे: उठताना डोळ्यांपुढे काळोख, आता पडेन असे वाटणे. रक्तदाब, हृदय, रक्तक्षय, औषधांचा परिणाम.
- झोक जाणे: बसल्यावर बरे, चालताना तोल जातो. पायांच्या नसा, मेंदूचा मागचा भाग, वयोमान.
- डोके हलके वाटणे: उपास, काळजी, झोप न होणे.

त्यामुळे दवाखान्यात "चक्कर येते" एवढेच सांगू नका. काय होते, काय करताना होते आणि किती वेळ टिकते, या तीन गोष्टी सांगा. निम्मे निदान तिथेच होते.

कान आणि डोळे यांची जोडी

एक सोपा प्रयोग करून पाहा. मोबाइलवर हाच लेख उघडा. आधी डोके स्थिर ठेवून मोबाइल डावी-उजवीकडे भरभर हलवा. अक्षरे पुसट होतात. आता मोबाइल स्थिर ठेवून डोके तितक्याच वेगाने "नाही, नाही" म्हणतो तसे हलवा. अक्षरे वाचता येतात. (मानेचा त्रास असेल तर हा प्रयोग करू नका.)

हालचाल दोन्ही वेळा तेवढीच होती. फरक पडला तो कानाच्या आतल्या यंत्रणेमुळे. प्रत्येक कानाच्या आत तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात आणि त्यांत द्रव असतो. डोके वळले की द्रव मागे रेंगाळतो, तिथल्या केसांसारख्या पेशी वाकतात आणि "डोके उजवीकडे वळले" असा निरोप जातो. तो डोळ्यांच्या स्नायूंपर्यंत पोहोचून डोळे तेवढेच डावीकडे वळतात, म्हणून नजर जागच्या जागी राहते. हे सगळे सेकंदाच्या साधारण शंभराव्या भागात घडते. शरीरातल्या सर्वांत वेगवान प्रतिक्षिप्त क्रियांपैकी ही एक आहे. आपण चालतो, जिना उतरतो, रिक्षात बसून खड्ड्यांतून जातो, तरी जग हलताना दिसत नाही ते हिच्यामुळे.

याचा उलटा अर्थही महत्त्वाचा आहे. कानाकडून चुकीचा निरोप गेला, तर डोके स्थिर असूनही डोळे हलतात. कान आपल्याला उघडून पाहता येत नाही, पण डोळे समोरच असतात.

फुगडीनंतर जग का फिरते?

मंगळागौरीत फुगडी घालून थांबलेल्या मुलीचे डोळे कधी पाहिलेत? ती थांबलेली असते, पण कानातला द्रव अजून फिरत असतो. त्यामुळे डोळे एका बाजूला हळू सरकतात आणि झटक्याने परत येतात, पुन्हा सरकतात, पुन्हा झटका. या हालचालीला निस्टॅग्मस म्हणतात. काही सेकंदांत द्रव शांत होतो, डोळे थांबतात, जगही थांबते.

निस्टॅग्मस नेहमी आजाराचाच असतो असे नाही. अंबरनाथहून बदलापूरकडे जाताना खिडकीशी बसून बाहेर पाहणाऱ्या प्रवाशाचे डोळे पाहा. नजर एका खांबाबरोबर मागे सरकते आणि पुढच्या खांबासाठी झटक्याने परत येते. हा निरोगी मेंदूचा निस्टॅग्मस आहे. डॉक्टर पाहतात ते हे की तो कधी येतो, कोणत्या दिशेने, किती वेळ आणि कशाने थांबतो.

डोळे पाहून कान ओळखण्याची जुनी विद्या

व्हिएन्नातले कानाचे डॉक्टर रॉबर्ट बारानी रुग्णांचे कान पाण्याने धुवायचे. पाणी गार असले की रुग्णाला चक्कर यायची आणि डोळे एका दिशेला झटके द्यायचे. पाणी गरम असले की दिशा उलटायची. कानातल्या द्रवाचे तापमान बदलले की तो हलू लागतो, हे त्यांनी यावरून ताडले. या संशोधनासाठी त्यांना १९१४ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. ते जाहीर झाले तेव्हा पहिले महायुद्ध चालू होते आणि बारानी रशियाच्या युद्धकैद्यांच्या छावणीत होते. गार-गरम पाण्याची ती तपासणी आजही होते. पाणी साधारण ३० आणि ४४ अंश सेल्सिअसचे असते, म्हणजे शरीराच्या तापमानापेक्षा सात अंश कमी आणि सात अंश जास्त.

काकूंना मी पटकन झोपवून जी तपासणी केली, ती डिक्स आणि हॉलपाइक यांनी १९५२ साली मांडली. तिच्यावरचा डोके वळवण्याचा उपचार अमेरिकेतले डॉ. जॉन एप्ली यांचा आहे. त्यांचा प्रसिद्ध लेख १९९२ सालचा. या दोन्हींसाठी कोणतेही यंत्र लागत नाही. टेबल, वेळ आणि डोळ्यांकडे पाहण्याची सवय पुरते.

मग कॅमेऱ्याचा चष्मा कशाला?

कारण साध्या नजरेला एक मोठी अडचण येते. कानामुळे होणारा निस्टॅग्मस रुग्ण एखाद्या वस्तूवर नजर रोखून दाबून टाकू शकतो, तेही नकळत. उजेडात डॉक्टरांच्या चेहऱ्याकडे पाहत बसलेल्या रुग्णाचे डोळे म्हणून अगदी स्थिर दिसू शकतात. अंधारात नजर रोखायला काही नसते आणि हालचाल उघडी पडते. पण अंधारात डॉक्टरांनाही दिसत नाही.

चष्म्याने ही अडचण सोडवली. तो चेहऱ्यावर घट्ट बसतो, आत पूर्ण अंधार होतो. आतले छोटे दिवे अवरक्त किरण सोडतात. हे किरण आपल्याला दिसत नाहीत, कॅमेऱ्याला दिसतात. त्या प्रकाशात डोळ्यातली बाहुली काळ्या ठिपक्यासारखी उठून दिसते. संगणक तिचा मध्य शोधतो आणि प्रत्येक चित्रात तो किती सरकला ते मोजून आलेख काढतो. या तपासणीला व्हिडिओ-निस्टॅग्मोग्राफी, थोडक्यात व्हीएनजी म्हणतात.

डोक्याला छोटे, अचानक झटके देऊन केली जाणारी तपासणी वेगळी. तिचा चष्मा हलका असतो, रुग्ण समोरच्या ठिपक्याकडे पाहत राहतो आणि डॉक्टर डोके थोडेसे पण पटकन वळवतात. कान ठीक असेल तर नजर ठिपक्यावरून हलत नाही. कान कमजोर असेल तर डोळे डोक्याबरोबर जातात आणि झटक्याने परत येतात. हा झटका कधी कधी इतका लवकर येतो की डॉक्टरांच्या नजरेतून निसटतो. सेकंदाला २५० चित्रे घेणाऱ्या कॅमेऱ्यातून तो निसटत नाही.

तपासणीला जाताना

- तपासणीआधी जड जेवण नको. दोन-तीन तास आधी हलके खा.
- काजळ, आयलायनर, मस्कारा लावू नका. संगणक काळी बाहुली शोधत असतो आणि काजळाला बाहुली समजण्याची चूक करू शकतो.
- चक्कर, झोप किंवा ॲलर्जीच्या गोळ्या चालू असतील तर त्या किती दिवस आधी थांबवायच्या, हे डॉक्टरांना विचारा. रक्तदाब, मधुमेह, फिट किंवा हृदयाच्या गोळ्या स्वतःहून कधीही बंद करू नका.
- कानात मळ असेल, पडद्याला छिद्र असेल, मोतीबिंदूचे ऑपरेशन नुकतेच झाले असेल किंवा मानेचा गंभीर त्रास असेल तर आधी सांगा.
- सोबत कोणीतरी न्या. तपासणीत थोडा वेळ चक्कर येते, ती आणावीच लागते. परतताना स्वतः स्कूटर चालवू नका.

तपासणी दुखत नाही. साधारण अर्धा ते एक तास लागतो. सुई नाही, क्ष-किरण नाहीत.

अहवालात काय दिसते?

*कुशीवर वळताना येणारी गरगर.* कानाच्या एका भागात कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक खडे असतात. ते तिथून सुटून अर्धवर्तुळाकार नलिकेत शिरतात. झोपताना, कुशीवर वळताना, वर पाहताना किंवा वाकताना गरगरते आणि बहुधा मिनिटभरात थांबते. या त्रासाला बीपीपीव्ही म्हणतात. पन्नाशीनंतर, विशेषतः स्त्रियांमध्ये हा जास्त दिसतो. डोळ्यांच्या झटक्यांच्या दिशेवरून कोणत्या कानाच्या कोणत्या नलिकेत खडे आहेत ते कळते. उपचार म्हणजे डोके वळवून ते खडे परत जागेवर नेणे. बहुतेकांना एक-दोन वेळा करून आराम पडतो. काहींना महिन्या-वर्षांनी त्रास पुन्हा होतो, तेव्हा तोच उपचार पुन्हा करता येतो.

*तासन्‌तास, दिवसभर टिकणारी गरगर.* कानाच्या तोलाच्या नसेला सूज आली की रुग्ण उठू शकत नाही, उलट्या होतात. डोळे एकाच दिशेला झटके देतात, रुग्ण कुठेही पाहो, दिशा बदलत नाही. अंधारात झटके वाढतात. पहिले काही दिवस औषधे लागतात, नंतर तोलाचे व्यायाम.

*मेंदूकडे बोट दाखवणारे डोळे.* उजवीकडे पाहिले की झटके उजवीकडे, डावीकडे पाहिले की डावीकडे. किंवा सरळ खालच्या दिशेने झटके. किंवा एक डोळा दुसऱ्यापेक्षा वर. अशा वेळी कानाच्या गोळ्या देऊन घरी पाठवणे धोक्याचे ठरते.

ती एक रात्र

आनंदनगर एमआयडीसीत काम करणारे एक गृहस्थ, पन्नाशीचे, मधुमेही. रात्रपाळीत अचानक गरगरले, उलट्या सुरू झाल्या. एका ठिकाणी पित्ताचे इंजेक्शन देऊन घरी पाठवले. सकाळी भाऊ त्यांना दोन्ही बाजूंनी धरून माझ्याकडे घेऊन आले. हातापायांत ताकद होती, तोंड वाकडे नव्हते, बोलणे स्पष्ट होते. पण आधाराशिवाय बसताही येत नव्हते. मी बोट उजवीकडे नेले, डोळे उजवीकडे झटकू लागले. डावीकडे नेले, डावीकडे झटकू लागले. पुढचे काहीही न तपासता त्यांना मोठ्या रुग्णालयात पाठवले. लहान मेंदूला रक्त पोहोचत नव्हते. ते वाचले, चालू लागले, पण लागलीच पोहोचले असते तर गाठ सुटण्याच्या इंजेक्शनचा विचार करता आला असता. ते इंजेक्शन लक्षणे सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते. (दोन्ही रुग्णांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

अशा रुग्णांबाबत २००९ साली अमेरिकेतल्या डॉ. जॉर्ज कट्टाह आणि सहकाऱ्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सतत गरगरणाऱ्या, पक्षाघाताचा धोका असलेल्या १०१ रुग्णांची त्यांनी डोळ्यांची तीन टप्प्यांची तपासणी केली. काही रुग्णांचा पहिल्या दोन दिवसांतला एमआरआय नॉर्मल आला होता, पण डोळ्यांनी पक्षाघात आधीच सांगितला होता. ही तपासणी सरावलेल्या हातांनीच करायची असते आणि गरगर सतत चालू असतानाच तिचा अर्थ लागतो. साध्या सीटी स्कॅनमध्ये मेंदूच्या मागच्या भागातला ताजा पक्षाघात सहसा दिसत नाही, हेही लक्षात ठेवा. "सीटी नॉर्मल आहे" म्हणजे धोका टळला असे नाही.

चक्करेबरोबर यांतले काहीही असेल तर थेट रुग्णालय गाठा, १०८ ला फोन करा:

- आधाराशिवाय उभे राहता किंवा बसता न येणे
- एकाच्या दोन वस्तू दिसणे
- बोलणे अडखळणे, गिळताना ठसका, तोंड वाकडे होणे
- हात किंवा पाय लुळा पडणे, बधिर होणे
- पूर्वी कधी झाली नाही अशी जोरदार डोकेदुखी किंवा मानदुखी
- अचानक एका कानाने ऐकू न येणे
- छातीत दुखणे किंवा शुद्ध हरपणे

मधुमेह, रक्तदाब, हृदयाचे अनियमित ठोके किंवा तंबाखूची सवय असलेल्या माणसाला पहिल्यांदाच अचानक सतत गरगरू लागले, तर सोबत दुसरे लक्षण नसले तरी थांबू नका.

व्हर्च्युअल रिॲलिटी: जी चक्कर आणते, तीच शिकवते

कल्याण स्टेशनात आपली गाडी उभी असते. शेजारच्या रुळावरची गाडी हलते आणि क्षणभर वाटते, आपलीच सुटली. डोळे म्हणतात हललो, कान म्हणतो जागेवरच आहोत. मेंदू क्षणभर डोळ्यांवर विश्वास ठेवतो. मग फलाटावरचा खांब दिसतो आणि भ्रम मोडतो.

व्हीआर हेडसेट हाच भ्रम मुद्दाम तयार करतो आणि तिथे भ्रम मोडणारा खांब नसतो. डोळ्यांसमोर फक्त पडदा असतो. डोके वळले की सेन्सर ते मोजतात आणि चित्र तितकेच वळवतात. हे चित्र सेकंदाच्या पन्नासाव्या भागापेक्षाही कमी वेळात वळावे असा प्रयत्न असतो, कारण उशीर झाला की कान आणि डोळे यांचे जमत नाही आणि मळमळू लागते. मॉलमध्ये व्हीआरवरचा झोपाळा खेळून मुलाला उलटी झाली, तर घाबरू नका. त्याचा कान ठीक काम करतोय म्हणूनच भांडण झाले.

संशोधकांना या भांडणाचा उपयोग होतो. एरवी डोळे, कान आणि पाय तिघे मिळून तोल सांभाळतात, त्यांना वेगळे काढता येत नाही. हेडसेटमध्ये खोली तिरकी दाखवता येते आणि शरीर सरळच राहते. मग पाहायचे की माणूस किती झुकतो आणि हेडसेटच्या आतल्या कॅमेऱ्यात डोळे काय करतात. असे प्रयोग पूर्वी फार खर्चिक होते. १९९८ साली नासाच्या न्यूरोलॅब मोहिमेत अंतराळवीरांना चक्क यानातच फिरत्या खुर्चीत बसवून त्यांच्या डोळ्यांच्या हालचाली टिपल्या होत्या. आता त्यातले काही प्रश्न एका खोलीत, खुर्चीवर बसून विचारता येतात.

यातून रुग्णांच्या कामाची एक गोष्ट पुढे आली. कान एकदा दुखावला की काही माणसे तोलासाठी डोळ्यांवर फार विसंबू लागतात. कान बरा होतो, सवय राहते. मग गर्दीचा बाजार, चकचकीत फरशी, सरकता जिना, मोबाइलवर भरभर वर जाणारी चित्रे, यांनी डोके डुलते. तीन महिन्यांहून अधिक काळ बहुतेक दिवस असे होत असेल, तर त्या आजाराला पीपीपीडी हे नाव आहे. त्याचे निकष २०१७ साली बारानी यांच्याच नावाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने ठरवले. "मनाचे खेळ आहेत" असे ऐकून कंटाळलेल्या रुग्णांसाठी हे नाव मोठा दिलासा आहे.

उपचारात व्हीआर इथे कामी येते. बाजार आधी रिकामा दाखवायचा, मग चार माणसे, मग गर्दी. रुग्ण सुरक्षित खोलीत, थेरपिस्टच्या देखरेखीखाली. थोडी चक्कर येऊ द्यायची, थांबायचे, पुन्हा. मेंदू हळूहळू कानावर पुन्हा विश्वास ठेवायला शिकतो. आतापर्यंतचे बहुतेक अभ्यास लहान आहेत. व्हीआर हे नेहमीच्या तोलाच्या व्यायामांना चांगली जोड आहे, त्यांची जागा ते घेत नाही. भिंतीजवळ उभे राहून, ठिपक्यावर नजर ठेवून डोके हलवण्याचे साधे व्यायाम रोज केले तर पुष्कळ साधते.

आणि काकूंसारख्या रुग्णाला व्हीआरचा काही उपयोग नाही. कानातला खडा जागेवर गेला पाहिजे, तो हेडसेट घालून जात नाही. यंत्र मोठे म्हणून उपचार मोठा असे नसते.

हे तंत्र आणखी कुठे वापरले जाते?

भाजलेल्या रुग्णांचे ड्रेसिंग बदलताना वेदनेवरून लक्ष हटवण्यासाठी वॉशिंग्टन विद्यापीठात बर्फाच्या दरीचे एक आभासी जग तयार केले गेले. अमेरिकेत २०२१ साली जुन्या कंबरदुखीसाठी एका व्हीआर कार्यक्रमाला मान्यता मिळाली. १६ ते ३० महिन्यांची बाळे पडद्यावर कुठे पाहतात हे टिपून स्वमग्नतेच्या निदानाला मदत करणाऱ्या यंत्राला तिथे २०२२ साली परवानगी मिळाली. आपल्याकडे आयआयटी गांधीनगरच्या प्रा. उत्तमा लाहिरी यांचा गट स्वमग्न मुले आणि पक्षाघाताचे रुग्ण यांच्यासाठी नजर टिपणाऱ्या आणि व्हीआरवर चालणाऱ्या प्रणालींवर काम करतो. पवईच्या आयआयटी मुंबईत वाचकाच्या नजरेवरून त्याला वाक्यातला उपरोध कळला की नाही, हेही अभ्यासले गेले आहे. डोळे असे बरेच काही सांगून जातात. म्हणून तुमच्या नजरेची नोंद कोण ठेवतो आणि कशासाठी, हे घरच्या हेडसेटबाबतही विचारायला हवे.

गोळ्यांबद्दल थोडे स्पष्ट

प्रोक्लोरपेराझिन, सिनॅरिझिन यांसारख्या गोळ्या कानाचा गोंगाट दाबतात. जोराच्या झटक्यात दोन-तीन दिवस त्यांचा खरा उपयोग होतो. पण महिनोन्‌महिने घेतल्या तर मेंदूची जुळवून घेण्याची शक्ती मंदावते, झोप येते, म्हातारी माणसे पडतात. काहींना हात थरथरणे, चाल मंदावणे असा पार्किन्सनसारखा त्रासही होतो. तुमच्या घरी कोणी वर्षभर या गोळ्या घेत असेल, तर त्या का चालू आहेत हे डॉक्टरांना जरूर विचारा. स्वतःहून एकदम बंद करू नका.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*प्रत्येक चक्करेसाठी व्हीएनजी करावी का?* नाही. कुशीवर वळताना गरगरत असेल तर टेबलावरची तपासणी बहुधा पुरेशी असते. निदान होत नसेल, उपचार करूनही त्रास परत येत असेल किंवा दोन्ही कानांची तुलना हवी असेल तेव्हा व्हीएनजी उपयोगी पडते.

*अहवाल नॉर्मल आला म्हणजे आजार नाही?* तसे नाही. अनेक त्रास झटक्याने येतात. तपासणीच्या दिवशी डोळे शांत असू शकतात.

*यूट्यूब पाहून डोके वळवण्याचा उपचार घरी केला तर?* आधी कोणता कान आणि कोणती नलिका हे ठरले पाहिजे. एकदा डॉक्टरांनी दाखवले की पुढच्या वेळी घरी करता येतो. मानेचा त्रास असलेल्यांनी, पडद्याचे किंवा मोतीबिंदूचे ऑपरेशन झालेल्यांनी विचारल्याशिवाय नको.

*घरी व्हीआर वापरू का?* चक्करेचा त्रास चालू असताना नको. फिट येण्याचा आजार असेल तर अजिबात नको. वापरलेच तर बसून, थोडा वेळ, पोट भरलेले नसताना.

तुमच्या खिशातला कॅमेरा

शेवटी एक गोष्ट, जी कुठल्याही घरात होऊ शकते. चक्कर दवाखान्यात येत नाही, ती घरी येते, बहुधा पहाटे. पुढच्या वेळी गरगर सुरू झाली आणि वर दिलेली धोक्याची लक्षणे नसली, तर घरातल्या कोणीतरी रुग्णाच्या डोळ्यांचा व्हिडिओ काढावा. दिवा लावा, मागचा कॅमेरा वापरा, दोन्ही डोळे उघडे ठेवायला सांगा. दहा सेकंद समोर, दहा सेकंद उजवीकडे, दहा सेकंद डावीकडे पाहू द्या. त्या वेळी रुग्ण कोणत्या कुशीवर होता, हे बोलून ठेवा. धोक्याचे लक्षण असेल तर मात्र व्हिडिओत वेळ घालवू नका, आधी निघा.

तो अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ मला दहा कागदांच्या फायलीपेक्षा जास्त सांगतो. काकूंच्या मुलीने तो प्रश्न विचारला नसता, तर माझी चूक आणखी किती दिवस चालली असती कोण जाणे. म्हणून डॉक्टरांना विचारायला संकोचू नका, "डॉक्टर, एकदा डोळे बघता का?"

*हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. निदान आणि औषधे आपल्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच ठरवा.*